आप्पांचं पाणी

आप्पांना जाऊन काही वर्षं झाली, तरी आमच्या गल्लीत कुणाच्या कुत्र्याला खरूज झाली की कुणीतरी म्हणतंच, "आप्पा असते तर एका पाण्यात बरं केलं असतं." मान डोलावणारे पुष्कळ असतात. मी डोलावत नाही. मी त्याच घरातला आहे. आप्पांच्या पाण्यानं काय बरं झालं आणि काय मेलं, हे मला जितकं ठाऊक आहे तितकं गल्लीत दुसऱ्या कुणाला नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, असं घरची मंडळी मला सांगतात. पण मी ज्यांच्यासाठी बोलतो तीही गेलेलीच आहेत, आणि त्यांच्याबद्दल आजवर कुणी चांगलं नाही आणि वाईटही नाही, काहीच बोललेलं नाही.

आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. वडील लवकर वारले, त्यामुळे निपाणीतल्या आमच्या घरात शेवटचा शब्द आप्पांचा. मी तंबाखूच्या वखारीत काट्यावर कारकून होतो. तंबाखूचे गोणपाटात शिवलेले मोठाले बोद काट्यावर चढायचे आणि मी वजन सांगायचो. अर्ध्या पौंडाच्या फरकावरून व्यापारी आणि शेतकरी एकमेकांच्या अंगावर धावून जात. त्यामुळे कुठल्याही गोष्टीचं माप विचारायची मला खोड लागली. आप्पांना माप विचारलेलं खपत नसे.

त्यांचं औषध एकच होतं. घरामागच्या परड्यात तीन दगडांची चूल, तिच्यावर रॉकेलचा रिकामा डबा, डब्यात पाणी आणि पाण्यात तंबाखूची काड, म्हणजे पान काढून घेतल्यावर उरलेले देठ. ते तासभर रटरटलं की गाळायचं, कोमट करायचं आणि जनावराच्या अंगावर ओतून चोळायचं. गोचीड, पिसवा, उवा, खरूज, सगळ्यांवर तेच. गावाला यात नवल वाटत नव्हतं. आमच्याकडं वांग्यावर मावा पडला की तंबाखूचं पाणी, बाजेत ढेकूण झाले की तंबाखूचं पाणी, बैलाच्या अंगावर गोचीड दिसला की तंबाखूचं पाणी. ज्या पिकावर सगळं गाव जेवतं ते पीक कुणाचा जीव घेईल, असं कुणाच्या मनातच येत नसे.

"काड किती घालता, आप्पा?" मी एकदा विचारलं होतं.

"मूठभर."

"आणि पाणी?"

"डबाभर."

"डबा भरून की डब्याच्या काठाखाली?"

"तू वखारीतच बस जा," ते म्हणाले. "रंग बघायचा असतोय. चहागत दिसलं की झालं."

चहा कुणाच्या घरचा, हे मी विचारलं नाही.

बैल मोठा, त्याची कातडी जाड. त्याला त्या पाण्यानं काही होत नसे आणि गोचीड खरोखरच गळून पडत. मोठ्या कुत्र्यांचंही बहुतेक निभावत असे. कुत्र्यावर ओतलं की ते उड्या मारत ओढ्याकडं पळायचं आणि पाण्यात लोळायचं. आपण त्याला शहाणपण शिकवलं असं आप्पांना वाटे. माझ्या मते त्या ओढ्यानंच ती कुत्री वाचवली. लहान पिल्लं पळू शकत नसत. ती तिथंच थरथरत बसत आणि संध्याकाळपर्यंत आडवी होत. मग आप्पा म्हणत, "खरूज आत गेलती." मालकही तेच म्हणत घरी जाई.

मला चीड या हिशोबाची येते. वाचलं ते आप्पांच्या पाण्यानं वाचलं, मेलं ते खरजेनं मेलं. अशी मांडणी केली तर जगातलं कुठलंही औषध रामबाण ठरेल. काट्यावर मी असा कारभार केला असता तर मालकानं मला त्याच दिवशी हाकलून दिलं असतं. पण गावाला आप्पांचा कारभार पटत होता. बोरगावपासून लोक कुत्री घेऊन येत, आप्पा पैसा घेत नसत, आणि पैसा न घेणाऱ्या माणसाला कुणी जाब विचारत नाही.

आमच्या घरात माझी थोरली बहीण असे. तिला आम्ही आक्का म्हणायचो. लग्नानंतर वर्षाच्या आत ती परत आली ती कायमची. मूलबाळ नाही. पहाटेपासून ती सगळ्यांचं करायची, आणि तिचं म्हणावं असं घरात एकच होतं, एक करड्या रंगाची मांजरी. बोदांना उंदरांचा फार त्रास म्हणून वखारीत मांजरं पाळत, त्यातल्याच एकीचं हे पिल्लू. आक्कानं तिला ओच्यात घालून आणली होती. आक्का भाकऱ्या थापायला बसली की ती चुलीपाशी बसे. आक्का तिच्याशी बोलायची, आमच्याशी बोलायची त्याहून जास्त.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत एका उन्हाळ्यात त्या मांजरीला तीन पिल्लं झाली, आणि पिल्लं अजून अंगावर पीत असतानाच तिच्या कानांच्या कडेला पांढरट खवले दिसायला लागले. मग ते डोक्यावर आले. ती सारखी पंजानं कान ओरबाडायची. पुढं माझ्या धाकट्या मुलीच्या हातावर पुरळ आलं. मुलगी मांजरीला उराशी घेऊन झोपे. बायको काळजीत पडली, आणि तिचं बरोबर होतं.

आप्पांनी जेवताना निकाल दिला. "खरजुलं मांजर घरात चालणार न्हाय. बरं हुतंय का बघा. न्हाई झालं तर पिल्लांसकट पोत्यात घालून नदीच्या पल्याड सोडायचं."

आक्का वाढत होती. ती म्हणाली, "पिल्लं अजून पितात, आप्पा. पल्याड जगायची न्हाईत."

"म्हणूनच म्हणतोय, बरं करू. उद्या माझं पाणी घालतो की."

"कुत्र्याचं पाणी मांजराला चालतंय?" मी विचारलं.

"केस एकाला हाईत तसंच दुसऱ्याला हाईत."

"मांजर अंग चाटतं, आप्पा. कुत्रं एवढं चाटत नाही."

"मी चाळीस वर्सं तंबाखू खातोय," आप्पा म्हणाले. "मला काय झालं? दोन थेंब चाटून मांजराला काय व्हतंय?"

सगळे हसले. आक्काही हसली, कारण तिला आशा वाटत होती. नदीपल्याड सोडण्यापेक्षा पाणी बरं, एवढाच तिचा विचार होता. मी म्हणालो, मी दुपारी येईपर्यंत थांबा, गुरांच्या दवाखान्यात विचारून येतो. आप्पा म्हणाले, "विचार की, न्हाय कोण म्हणतंय."

ते थांबले नाहीत. दुपारी मी दवाखान्यात न जाता आधी जेवायला घरी आलो, तेव्हा परड्यातली चूल विझत आली होती. डबा खाली उतरवलेला होता आणि आक्का न्हाणीच्या दारात बसून मांजरीला पदरात धरून होती. मांजरीच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या. ती उठून दोन पावलं टाकायची, मागचे पाय गळायचे आणि ती कलंडायची. अंगावरचं कातडं आपोआप उडत होतं. तरीही मान वळवून ती ओले केस चाटायचा प्रयत्न करत होती.

"सकाळी लावलंय," आक्का म्हणाली. "मीच धरलीती, रं. आप्पा म्हणाले घट्ट धर, मी घट्ट धरली."

मी डब्यात वाकून पाहिलं. पाणी चहासारखं नव्हतं. काळं होतं, आणि तळाला काड नव्हती, बारीक गाळ होता. लढाईच्या टंचाईमुळं त्या वर्षी काडसुद्धा सहज मिळत नव्हती. म्हणून आप्पांनी वखारीतली चाळणीखालची भुकटी आणून टाकली होती. भुकटी म्हणजे निव्वळ पानाचा चुरा. ती चाळताना बायका नाकातोंडाला फडकं बांधतात आणि तरीही घेरी येऊन पडतात. मूठ मात्र तेवढीच घातली होती. भुकटीची मूठ आणि काडीची मूठ आप्पांच्या लेखी सारखीच.

आप्पा पुढच्या सोप्यात पान लावत बसले होते. "किडं मराय लागल्यात," ते तिथूनच म्हणाले. "अंगातनं बाहेर पडताना त्रास हुतोयच."

बोललो असतो तर फार बोललो असतो. मी मांजरीला वेताच्या बुट्टीत ठेवलं, वर फडकं टाकलं आणि उन्हातून गुरांच्या दवाखान्यात गेलो.

तिथले डॉक्टर धारवाडकडचे. वऱ्हांड्यात खुर्ची टाकून ते एका म्हशीच्या मालकाशी बोलत होते. मी बुट्टीवरचं फडकं काढलं.

"बेक्कु?" ते कानडीत म्हणाले. मग मराठीत, "मांजर आणलंय काय तुम्ही? हे सरकारी दवाखाना आहे. बैल, म्हैस, घोडा, शेळी. मांजराला औषध लिहायला माझ्याकडं सोय नाही."

"औषध लिहू नका. काय करू एवढं सांगा. अंगाला तंबाखूचं पाणी लावलंय."

त्यांनी खुर्चीतून न उठता बुट्टीत पाहिलं आणि एका दमात सांगितलं. "साबणानं धुवा. कोमट पाणी, पुष्कळ पाणी, वास जाईपर्यंत. पुसून गोधडीत गुंडाळा. चाटू देऊ नका. रात्र काढली तर जगेल. नंतर खरजेला गंधक खोबरेलात खलून लावा, एकाला दहा, थोडंथोडं. तेही चाटू देऊ नका." मग म्हशीच्या मालकाकडं वळता वळता म्हणाले, "तुमच्या गावातली मांजरं अशीच मरतात."

मी निघालो होतो, तो थांबलो. "तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"ठाऊक असायला काय? कुठल्याही पुस्तकात आहे."

"मग आजवर कुणाला सांगितलं का नाही?"

"मला विचारलं कुणी?" ते म्हणाले. त्यांना माझा प्रश्न खरोखरच कळला नव्हता.

त्या माणसाबद्दलचा राग आप्पांवरच्या रागाहून निराळा आहे, आणि कमी नाही. आप्पांना ठाऊक नव्हतं. यांना ठाऊक होतं. त्यांच्या दवाखान्यापासून आमची गल्ली दिसते, परड्यातला धूर दिसतो. कुत्री घेऊन येणारी माणसं त्यांच्या फाटकावरून जातात. फाटकाशी उभं राहून एक वाक्य बोलायला सरकारची कुठली परवानगी लागत होती?

मी घरी आलो. आक्कानं पाणी तापवून ठेवलं होतं. आम्ही दोघांनी मांजरीला घंगाळात बसवून धुण्याच्या साबणानं धुतलं. पहिलं पाणी तपकिरी निघालं, मग पिवळं, मग गढूळ. स्वच्छ निघेपर्यंत आक्का पाणी बदलत राहिली. विहिरीवरून पाणी माझी बायको आणत होती. मग मांजरीला जुन्या गोधडीत फक्त नाक बाहेर ठेवून गुंडाळलं, आणि आक्का तिला मांडीवर घेऊन बसली.

तेव्हा मला पिल्लांची आठवण झाली. ती फडताळाखालच्या टोपलीत होती. आईला सकाळी पाणी लावल्यावर ती नेहमीप्रमाणं तिच्या पोटाशी गेली होती आणि ओल्या केसांतून दूध प्याली होती. तिन्ही ताठ झाली होती. एकाच्या तोंडाला फेस सुकलेला होता.

मी टोपली परड्यात नेली. आक्कानं विचारलं, "झोपलीत?"

"नाहीत," मी म्हणालो. खोटं बोलणं मला जमत नाही, आणि तिलाही ते ऐकायचं नव्हतं.

मांजरी वाचली. दुसऱ्या दिवशी तिनं मान धरली, मग दूध चाटलं. टोपलीपाशी जाऊन ती हाका मारत राहिली. ते मी लिहीत नाही.

गंधकाचं मलम मी वखारीतल्या छोट्या ताजव्यावर मापून केलं, एकाला दहा. चाटू नये म्हणून काय करावं हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. ते आक्कानं काढलं. तिनं पळसाची पत्रावळ घेतली, मधोमध भोक पाडलं, एका बाजूनं फाडली आणि मांजरीच्या गळ्याभोवती बसवून काड्यांनी टाचली. पत्रावळ वाळून तडकली की नवी. गल्लीतल्या बायका दारात येऊन बघायच्या.

"आक्काचं मांजर पंगतीला बसलंय गं," एक म्हणाली.

"व्हय, तुझ्या घरी आवतन हाय म्हणे," आक्का म्हणाली.

आठवड्यातून एकदा मलम लावायचं. खवले सुटत गेले, कानांवर कोवळे केस आले. मुलीच्या हातावरचं पुरळही गेलं. नदीपल्याड सोडायची गोष्ट पुन्हा निघाली नाही. इतकं झाल्यावर मी शांत व्हायला हवं होतं, आणि कदाचित झालोही असतो.

पण एक दिवस वखारीतून येताना मला आमच्या कट्ट्यावर माणसं दिसली. पलीकडच्या आळीतली एक बाई पिशवीत बोका घेऊन आली होती. आप्पा आक्काच्या मांजरीकडं बोट दाखवून सांगत होते, "ह्यो बघा गुण. कान सगळं खाल्लंतं किड्यांनी. एक पाणी घातलं माझं, बघा आता केस कसा आलाय रेशमागत."

परड्यातून धूर येत होता.

मी पिशवीचं तोंड धरलं आणि त्या बाईला म्हणालो, "मावशी, बोका घरी न्या. ही गंधकानं बरी झाली, पाण्यानं नाही."

"गंधक मागनं लावलंस की," आप्पा म्हणाले. "किडं कुणी मारलं?"

"आणि पिल्लं कुणी मारली?"

"पिल्लं अशक्त हुती."

"तिन्ही? एकाच दुपारी?"

आप्पांनी पानाची पिंक टाकली. "लई शिकलास तू. मी रोज तंबाखू खातोय न्हवं? मेलोय व्हय मी?"

दिवाळीत वखारीत काट्याची पूजा झाली की गंमत म्हणून सगळेच काट्यावर बसून वजन करून घेत. आप्पाही बसले होते, आणि वजन मीच सांगितलं होतं. "तुम्ही सव्वाशे पौंड भरला होता," मी म्हणालो. "मांजरी पाच पौंड. पंचवीस मांजरं चढवली तर एक आप्पा होतो. तुम्ही खाता ते थुंकता. ती चाटते ते गिळते. आता तुम्हीच सांगा, दोन थेंब कुणाला किती."

कट्ट्यावर कुणीतरी फस्सकन हसलं. "पंचवीस मांजरांचा एक आप्पा," तो म्हणाला, आणि बाकीचेही हसले.

आप्पा उठले. "मला मांजरात मोजतोस?" एवढंच म्हणाले. आत गेले, धोतरजोडी पिशवीत घातली आणि बोरगावला लेकीकडं निघून गेले. ती बाई बोका घेऊन घरी गेली.

मग सगळं घर माझ्यावर उलटलं. आई म्हणाली, बापाच्या जागी असलेल्या माणसाचा तू चारचौघांत पाणउतारा केलास. बायको म्हणाली, "अहो, घरात बोलायचं होतं." मी म्हणालो, घरात बोललो होतो, जेवताना, मांजरीला पाणी घालायच्या आदल्या दिवशी, आणि तुम्ही सगळे हसला होता. गल्लीत एकच गोष्ट फिरली, की मी मोठ्यांच्या तोंडाला लागलो. पिल्लांचा विषय कुणी काढला नाही. तीन पिल्लं मेली ही बातमी झाली नाही. एक म्हातारा रुसला ही झाली.

आक्का माझ्याकडून बोलली नाही आणि माझ्या विरुद्धही बोलली नाही. आप्पा बोरगावला असताना एका सकाळी परड्यातून ठणठण आवाज आला. मी पाहिलं तर तिनं रॉकेलचा डबा पालथा घातला होता आणि बत्त्यानं खिळा ठोकून त्याच्या बुडाला भोकं पाडत होती. मग तिनं तो उलटवला, माती भरली आणि शेवंतीची रोपं लावली. पिल्लं जिथं पुरली होती त्याच्या शेजारी तो ठेवला.

आप्पा परत आले. लेकीच्या घरी किती दिवस राहणार? पाय धुऊन सवयीनं परड्यात गेले आणि चुलीपाशी उभे राहिले.

"माझा डबा कुठाय?"

"गळत हुता, आप्पा," आक्का भाकरी थापता थापता म्हणाली. "कुंडी केली."

ते डब्याकडं बघत राहिले. भोकं त्यांना दिसली असणार, कारण खालून पाणी पाझरत होतं. आक्कानं मान वर केली नाही. मांजरी तिच्या गुडघ्याला टेकून बसली होती, गळ्यात पत्रावळ.

थोड्या दिवसांनी आप्पांनी दुसरा डबा मिळवला. रॉकेलच्या डब्यांना निपाणीत तोटा नव्हता. पुन्हा धूर निघायला लागला, पुन्हा कुत्री यायला लागली. मग एका रविवारी मी सोप्यात बसलो असताना एक माणूस काखेत मांजर घेऊन आला. आप्पांनी त्याला लांबूनच हात केला.

"मांजराला न्हाय घालायचं हे पाणी," ते म्हणाले. "मांजर चाटतंय. इख हाय त्याला. गंधक लावा खोबरेलातनं. मी तर पहिल्यापास्नं सांगतोय सगळ्यांस्नी."

तो माणूस "व्हय, आप्पा" म्हणून गेला, आणि आप्पा किती जाणते आहेत हे त्यानं वाटेत चार जणांना सांगितलं असेल.

मी आत स्वयंपाकघरात गेलो. आक्कानं सगळं ऐकलं होतं.

"ऐकलंस? पहिल्यापासून सांगतायत."

"म्हणू दे की, रं," ती म्हणाली. "ते मांजर वाचलं न्हवं? मला तेवढं पुरं."

तिला ते पुरलं. तिनं तिची मांजरी पुढं कितीतरी वर्षं सांभाळली, आणि आप्पा आजारी पडले तेव्हा त्यांचंही तिनंच केलं. आज गल्लीतला कुणी मान डोलावून म्हणतो, मांजराला तंबाखू चालत नाही, आप्पा सांगायचे. तेव्हा ती खाली मान घालून कामाला लागते. मी मात्र उठून त्याला म्हणतो, आप्पांनी सांगितलं ते तीन पिल्लं मेल्यावर. ऐकणारा चुळबुळतो, विषय बदलतो. बदलू दे. पुढच्या वेळी मी पुन्हा सांगणार आहे.